कॉन्व्हेंटचं गेट

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

हॉस्टेलवर आलो त्या रात्री मेसच्या रांगेत मला विचारलेला पहिला प्रश्न ना गावाचा होता, ना ब्रँचचा. "कॉन्व्हेंटचा का रे तू?" रेक्टर सरांशी मी इंग्रजीत चार वाक्यं बोललो, तेवढ्यावरून ओळखलं होतं पोरांनी! मी 'हो' म्हणालो आणि शिक्का बसला.

तेव्हापासून बघतोय. आपल्या हॉस्टेलमध्ये दोन जाती आहेत : कॉन्व्हेंटवाले आणि झेडपीवाले. सेमिनार, व्हायवा, ग्रुप डिस्कशन आलं की झेडपीवाले दबकतात. एम-थ्री आणि ड्रॉइंगच्या शीटा आल्या की कॉन्व्हेंटवाले त्यांच्या रूमवर चहा घेऊन हजर! एरवी एकमेकांची टिंगल चालू. ही टिंगल मीही केली आहे आणि सोसलीही आहे. पण ज्या शाळेवरून हा शिक्का बसतो, ती शाळा नेमकी काय असते, कोणासाठी असते, याचा विचार आपल्यापैकी फारसा कोणी करत नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचंच बघा. कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर्सचा, म्हणजे नन्सचा मठ. त्यांनी चालवलेली ती कॉन्व्हेंट शाळा. आज भोसरीपासून चाकणपर्यंत रस्त्याने जाताना फ्लेक्स वाचा. पत्र्याची शेड, वर अमुक कॉन्व्हेंट, तमुक इंटरनॅशनल. आत सिस्टर औषधालाही सापडणार नाही. विदर्भातले मित्र तर बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणतात. म्हणजे नाव त्यांचं, धंदा दुसऱ्यांचा. एखाद्या नावाची एवढी नक्कल होते, तेव्हा मूळ मालात काहीतरी दम असला पाहिजे, हे आपण इंजिनिअर मंडळींनी तरी मान्य करायला हरकत नाही.

पुण्यात या शाळा जुन्या. कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट १८६७ सालची, पाषाण रस्त्यावरची लोयोला १९६१ ची. पण आपल्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. नगर, बीड, लातूर, सोलापूरकडून माणसं आली, तशीच केरळ, तमिळनाडू, मंगळूर, गोव्याकडूनही आली. त्यांच्यात कॅथलिक कुटुंबं होती. त्यांच्या मागे चर्च आलं आणि चर्चबरोबर शाळा. आकुर्डी-निगडीकडची सेंट उर्सुला आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्या नावाला मोठा इतिहास आहे. इटलीतल्या ब्रेशिया गावात १५३५ साली अँजेला मेरिची नावाच्या बाईने संत उर्सुलाच्या नावाने स्त्रियांचा एक संघ काढला, आणि पुढे मुलींना शिकवणं हेच त्या संघाचं मुख्य काम झालं. ब्रेशियातलं ते नाव आज आपल्याकडे रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे!

मीही याच पट्ट्यातल्या एका कॅथलिक शाळेत बारा वर्षं काढली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे.

बाबा भोसरीत एका छोट्या कंपनीत प्रेसवर कामाला होते. आई सातवी शिकलेली. ज्युनिअर केजीच्या ॲडमिशनला आई-वडिलांना भेटायला बोलावतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आईने शेजारच्या काकूंकडून इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ केली. आठवडाभर भांडी घासताना तीच तीन वाक्यं चालू होती म्हणे. प्रत्यक्षात आत गेल्यावर ती एकही आठवेना. समोरच्या सिस्टर केरळच्या. त्या मराठीत म्हणाल्या, "ताई, बसा. मुलगा रोज वेळेवर येणार काय?" आई म्हणाली, "येणार." झाली ॲडमिशन. आई आजही हा किस्सा सांगते, आणि 'ताई' या शब्दावर थांबते.

त्याच शाळेत पुढे मराठी बोललं की एक रुपया दंड होता. वर्गातल्या मॉनिटरकडे वही असायची. मधल्या सुट्टीत डबा सांडला आणि तोंडातून "आई गं!" निघालं, तर त्याचाही रुपया मी भरला आहे. सिस्टर स्वतः मोडक्या मराठीत आईशी बोलल्या, आणि त्यांच्याच शाळेत मला आईच्या भाषेचा दंड! या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून कोणी कॉन्व्हेंटला देव्हाऱ्यात बसवलं की मला तो रुपया आठवतो, आणि कोणी शिव्या घातल्या की ते 'ताई' आठवतं.

कॅथलिक शाळांवर तीन आरोप नेहमी ऐकू येतात. एकेक घेऊ.

पहिला : तिथे बाटवतात. बारा वर्षांत आमच्या वर्गातलं एकही पोर ख्रिस्ती झालं नाही. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा तास असायचा, तेव्हा आम्हाला मॉरल सायन्स. मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८ व्या कलमातच आहे. आकडेही बघा. महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक साधारण १.०९ टक्के होते, २०११ मध्ये ०.९६ टक्के. दीडशे वर्षांहून जास्त काळ शाळा चालवून हे प्रमाण! बाटवणं हाच उद्योग असता तर कोणत्याही कंपनीने एवढ्या तोट्यातला प्लँट कधीच बंद केला असता. देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे.

दुसरा आरोप : मराठी मारली. इथे मी निम्मा सहमत आहे. दंडाचा रुपया मीच भरलाय ना! पण कॅथलिक आणि मराठी यांचं वैर आहे असं समजणं चूक. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक तर घरी-दारी मराठीच बोलतात. तेव्हा दंडाचा रुपया धर्मातून आलेला नाही. तो आपल्याच पालकांच्या मागणीतून आला. "पोरगं घरीसुद्धा इंग्लिश बोललं पाहिजे" असं पेरेंट्स मीटिंगमध्ये सांगणारे सगळे देशपांडे, शिंदे, कांबळे होते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पण मार्कांपुरती मराठी आणि मानाने बोलायची मराठी यांत फरक असतो, तो कायद्याने भरत नाही.

तिसरा आरोप मात्र मला खरा सलतो : या शाळा आता गरिबांच्या राहिल्या नाहीत.

राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा एक अहवाल आहे. त्यानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. ही अभिमानाचीच गोष्ट. एक छोटा समाज दुसऱ्यांची पोरं शिकवतो आहे. पण त्याच अहवालात दुसराही आकडा आहे : अल्पसंख्याक शाळांत, म्हणजे सगळ्याच धर्मांच्या मिळून, सामाजिक-आर्थिक दृष्ट्या मागास घरांतली मुलं जेमतेम पावणेनऊ टक्के. म्हणजे धर्माचं दार उघडं, आणि पैशाचं हळूहळू बंद होत चाललेलं.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, असा सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन हा प्रश्न मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. कोर्टाला काय ठरवायचं ते कोर्ट ठरवेल. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे, आणि तो राहिलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण एखादी गोष्ट कायद्याने करावी लागत नाही, म्हणून ती करायचीच नाही असं थोडंच आहे?

चाकणच्या बाजूला चक्कर मारून या. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी. एका खोलीत चार-पाच माणसं. कंत्राटी कामगार, आज या कंपनीत, सात महिन्यांनी दुसऱ्या. त्याचं पोर आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, परवा कुठेच नाही. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाला २५ टक्क्यांच्या सोडतीत बसायला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये! ओव्हरटाइम धरून बारा-पंधरा हजार घरी नेणारा माणूस सोडतीतून बाहेर, आणि त्या पगारात इंग्रजी शाळेची फी भरायची म्हटलं तर महिना कसा काढायचा? माझे बाबा याच माणसांतले. मी आत गेलो, कारण तेव्हा फी परवडत होती आणि एका सिस्टरने माझ्या आईला बसा म्हटलं होतं. आज तोच बाबा, तोच पगार घेऊन गेटवर उभा राहिला, तर वॉचमनच परत पाठवेल अशी भीती वाटते.

गेटवरून आठवलं. बाबा कधी शाळेच्या आत आलेच नाहीत. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या ड्रेसवर, हाताला ऑइल, तसे न्यायला यायचे. ॲन्युअल डेलासुद्धा म्हणाले, "तू जा. मी हितंच थांबतो." कोणी त्यांना अडवलं नव्हतं. पण ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा शाळेने आमची फी हप्त्यांनी घेतली, एक शब्द वाकडा न बोलता. ते उपकार आहेत. पुढच्या वर्षी परीक्षाच न झालेली आमची दहावीची बॅच पास झाली, बाबांची कंपनी बंद पडली आणि आई-बाबा गावी परतले. मी याच शहरात हॉस्टेलवर राहिलो. बाबांनी शाळा आतून बघायची मात्र राहूनच गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा चांगली आहे, पण तिचं गेट आणखी उघडलं पाहिजे. संध्याकाळी पाचनंतर ती मोठाली मैदानं कुलपात असतात, आणि शंभर पावलांवर वस्तीतली पोरं टँकरच्या मधून क्रिकेट खेळतात. वर्ग रिकामे असतात, आणि दहावीचं पोर जिन्याखाली अभ्यास करतं. दोन तास मैदान आणि दोन वर्ग उघडले तर शाळेचं काय जाईल? वीज आणि एका वॉचमनचा पगार. आपल्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. भिंती रंगवून फोटो काढण्यापेक्षा हा खर्च बरा.

हे होऊ शकत नाही असं कोणी म्हणू नये. चाकणच्या खेड तालुक्यातच जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. गावाने हात लावला, शिक्षकांनी जीव ओतला, आणि २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिचं नाव अंतिम यादीत गेलं. तेही गावाच्या सहभागासाठी असलेल्या गटात! झेडपीवाल्यांनी ही गोष्ट कॉन्व्हेंटवाल्यांना जरूर ऐकवावी. कॉन्व्हेंटकडे शिस्त, इमारत, शिकवायची दीडशे वर्षांची सवय आहे. जालिंदरनगरकडे गाव आहे. दोन्ही एकत्र आलं तर?

आणि आपण काय करायचं? मित्रांनो, एनएसएसचे वर्षाला १२० तास आपल्याला भरायचे असतात. ते आपण कसे भरतो हे सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही! झाड लावून, फोटो काढून, सही घेऊन. त्याऐवजी जवळच्या एखाद्या कॅथलिक शाळेच्या प्रिन्सिपल सिस्टरना किंवा फादरना आपल्या कॉलेजने रीतसर पत्र द्यावं. वर्ग तुमचे, संध्याकाळ आमची, मुलं वस्तीतली. कॉन्व्हेंटवाल्याने इंग्रजी शिकवावं, झेडपीवाल्याने गणित. मेसच्या रांगेतली जातही त्यात विरघळेल, असं मला वाटतं.

एनएसएसच्या सरांना मी याबद्दल अर्ज दिला आहे. खाली फक्त माझी एकट्याची सही आहे. रूम नंबर २१४. पेन माझ्याकडे आहे, या.