अकरा अक्षरांचा घोटाळा

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. जर्मनीतले धाकटे भावजी पैसे पाठवणार होते. मी पासबुक उघडलं आणि त्यातला अकरा अक्षरांचा कोड फोनवर घडाघडा वाचून दाखवला. शुक्रवारी रात्री भावजींचा फोन, “वहिनी, हा कोड इथली बँक घेतच नाही!” दुसऱ्या दिवशी नेमका चौथा शनिवार, म्हणजे आपलीही बँक बंद. शेवटी माझ्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या, तेव्हा कुठे इस्पितळात अनामत भरता आली.

चूक माझीच. मी सांगितला तो आयएफएससी. तो देशातल्या देशात चालतो. परदेशातून बँकेमार्फत पैसे यायचे तर ‘स्विफ्ट’ कोड लागतो. त्यालाच ‘बीआयसी’ही म्हणतात. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था. बँकांचे निरोप ती देशोदेशी पोचवते. हा कोड म्हणजे त्या निरोपावरचा बँकेचा पत्ताच म्हणा ना!

दोन्ही ओळखायचे कसे? सोपं आहे. स्टेट बँकेचा स्विफ्ट कोड पाहा : एसबीआयएन-आयएन-बीबी. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन ठिकाणाची. झाली आठ. शाखेची आणखी तीन असली तर अकरा. आयएफएससीही अकराचाच, पण त्यात पाचव्या जागी शून्य असतं. तेवढं शून्य शोधा, की घोटाळा टळलाच!

प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड असतोच असं नाही. तेव्हा अंदाजाने न सांगता शाखेतच विचारावं. दुसऱ्या शाखेचा कोड दिला तरी खाते क्रमांक आपलाच कळवायचा. नावही खात्यावर आहे तेच. खातं माहेरच्या नावाचं असेल तर माहेरचंच. तिकडच्या अर्जात ‘आयबान’चा रकाना दिसला तर गोंधळू नका, आपल्याकडे ती पद्धत नाही. आणि हो, पैसे जमा व्हायला ओटीपी किंवा पिन लागत नाही. कुणी मागितला तर खुशाल फोन ठेवून द्या.

पाटल्या महिन्याभराने सुटून आल्या. आता पासबुकाच्या कव्हरात माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे : नाव, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड. तुम्हीही आजच एक करून ठेवा. गरज काही सुट्टी बघून येत नाही!