कचरेवाले आपणच!

५ जून जवळ आला की आमच्या आयटीवाल्यांना एकदम निसर्गप्रेमाचं भरतं येतं. हिरवे टी-शर्ट, एचआरचा मेल, एका रोपट्याभोवती पंधरा जणांचा ग्रुप फोटो, कापडी पिशव्यांचं वाटप... आणि त्याच रात्री मागवलेल्या बिर्याणीचा डबा, उरलेला रस्सा, हाडं, टिश्यू, प्लॅस्टिकचा चमचा, सगळं एकाच काळ्या पिशवीत. गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, विषय संपला!

विषय संपत नाही हो. तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

पुण्यापुरतं बोलायचं तर ते दार म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी. १९९० च्या दशकापासून शहराचा कचरा तिथे पडत आला. डोंगर वाढले, काळं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी खराब झाल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. मग पुण्यातले कंटेनर ओसंडून वाहायला लागले आणि आपल्याला नाक असल्याची आठवण झाली! गंमत म्हणजे फुरसुंगीतच एक आयटी पार्कही आहे. एसी केबिनमध्ये बसून 'ग्रीन बिल्डिंग'वर प्रेझेंटेशन करायला काय जातंय?

कचऱ्याला आग लागते कशी? भाजीची देठं, उरलेली पोळी, आमटी हे सगळं प्लॅस्टिकखाली दाबलं गेलं की हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजलं की मिथेन तयार होतो. तो पेट घेतो, आणि नाही घेतला तरी वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त भारी पडतो. तीच देठं वेगळी ठेवून हवेशीर कुजवली तर छान खत होतं. वस्तू तीच, फरक फक्त डबा एक की दोन एवढाच.

आपल्याला हे कळायला सगळ्यात सोपं जायला हवं. 'गार्बेज इन, गार्बेज आउट' कॉलेजात घोकलंय ना? इनपुट घेतानाच व्हॅलिडेशन केलं तर काम पाच मिनिटांचं. सगळा डेटा एकमेकांत मिसळल्यावर साफ करायला बसलं की शनिवार-रविवार गेला. मग घरचा कचरा प्रॉडक्शनमध्ये जाऊन कोण वेगळा करणार?

कोण करतं ते सांगतो. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्यातून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करणारी. यात बहुतेक बायका. सुका माल विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग. तुम्ही आमटीत भिजवलेला पुठ्ठा दिलात की त्या मावशींच्या कमाईतून तेवढे पैसे वजा झाले, समजा. डायपर आणि सॅनिटरी पॅड उघडे टाकलेत तर ते त्यांना हाताने उचलावे लागतात. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला किती वेळ लागतो? आणि वर आपण त्यांनाच 'कचरेवाली' म्हणतो! कचरा कोणी केला? आपण. मग कचरेवाले कोण?

आता नेहमीची उत्तरं.

"गाडीत शेवटी सगळं एकत्रच करतात." काही ठिकाणी करतात, खरंय. मग तिथे तक्रार करा. पण वेगळं दिलंच नाहीत तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

"मी टॅक्स भरतो." टॅक्स रस्त्यासाठीही भरता, म्हणून सिग्नल तोडता का? (पुण्यात हा प्रश्न जरा चुकलाच. :) ) २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण करणं बंधनकारक केलं होतं. ही कोणाची हौस नव्हे.

"खरं प्रदूषण मोठ्या कंपन्या करतात." करतात, आणि त्यांना जाब विचारायलाच हवा. पण तुमच्या ओट्याखालचा डबा कुठल्या कंपनीचा सीईओ येऊन वेगळा करणार आहे?

"वेळ नाही." देठ डावीकडच्या डब्यात टाकायला उजवीकडच्या इतकाच वेळ लागतो.

बांबूचा टूथब्रश घ्या, झाडं लावा, माझी अजिबात हरकत नाही. पण क्रम लक्षात ठेवा. आधी ओट्याखाली दोन डबे, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणाआधी बंद पडलेल्या खतखड्ड्याचा विषय, आणि त्यानंतर पृथ्वी वाचवणं वगैरे.

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा. पण भांडायच्या आधी ओट्याखाली बघून या. डबे किती आहेत?