चेहऱ्यावर फिरवतो ते आहे कशाचे?



दिवाळीत पुण्याहून भाची आली, तेव्हा तिने मला एक छोटी डबी दिली. "मामी, रोज रात्री पाच मिनिटं तोंडावर फिरवा. सूज उतरते, चेहरा हलका वाटतो." डबीत बदामी रंगाची, गुळगुळीत, चपटी वस्तू होती. तिला गुआ शा म्हणतात, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तेल लावून फिरवले, बरे वाटले. आठ दिवस नेमाने वापरले.

नवव्या दिवशी धुताना ती खिडकीच्या उजेडात धरली, तर आत बारीक रेषा दिसल्या. आमच्या आजीकडे शिंगाची फणी होती, तिच्यात असायच्या तशाच. मग चष्मा लावून डबीची मागची बाजू वाचली. तिथे इंग्रजीत म्हशीचे शिंग असे लिहिलेले होते.

खरे सांगते, हातपाय गळाले. कांदा-लसूण घरात नाही, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, आणि झोपताना मी म्हशीचे शिंग गालावरून फिरवत होते! भाचीला बोल लावणार नाही. तिने प्रेमाने आणले. चूक एवढीच, की ते कशाचे आहे हे तिनेही विचारले नाही आणि मीही नाही. खाण्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या आपण, कातडीला लावायच्या वस्तूवर काहीच शोधत नाही.

काही जणी म्हणतील, मालिश वगैरे सोडूनच द्या, शरीराचे लाड कशाला? मला ते पटत नाही. अंगाला तेल लावणे, अंग दाबून घेणे साधू-साध्वींना वर्ज्य आहे. दशवैकालिक सूत्रातल्या अनाचारांच्या यादीत ते येते. पण तो महाव्रतींचा मार्ग. आपण श्राविका आहोत आणि आपल्यासाठी सातवे व्रत आहे, उपभोग-परिभोग परिमाण.

आपल्या पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिलेल्यांना उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवत असेल. भगवान महावीरांच्या दहा श्रावकांमधला हा पहिला. त्याने या व्रतात एकेका वस्तूची मर्यादा केली. दातवणाला ज्येष्ठमधाची ओली काडी, उटण्याला गव्हाचे सुगंधी पीठ, आणि अभ्यंगाला फक्त शतपाक आणि सहस्रपाक ही दोन तेले. म्हणजे त्याने अभ्यंग सोडले नाही, त्याला हद्द घातली. काय लावायचे ते ठरवले, नाव घेऊन ठरवले. आपल्याला तेवढेच करायचे आहे.

याच सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने येतात, आणि त्यांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंतच नव्हे, शिंग, नखे, हाडे यांचा व्यापारही त्यातच धरतात. आपण व्यापार करत नाही हे खरे. पण घेणारी असते म्हणून विकणारा असतो. "मेलेल्या जनावराचेच असेल" असे मनाचे समाधान करू नका. ते जनावर कसे मेले, हे डबी सांगत नाही.

आणि शिंगावाचून अडते का? मुळीच नाही. चिनी भाषेत गुआ म्हणजे खरवडणे आणि शा म्हणजे त्याने कातडीवर उठणारे लाल ठिपके. तिकडच्या घरांत हे चिनी मातीच्या चमच्याच्या कडेने किंवा नाण्यानेही करत आले आहेत. मग आपण कशाला शिंग घ्यायचे?

घ्यायचेच तर दगडाचे किंवा स्टीलचे घ्या. हिरवा जेड आणि गुलाबी स्फटिक बाजारात जास्त दिसतात, पण त्या नावाखाली रंगवलेला दगड आणि काचही विकतात. म्हणून महागड्या दगडाच्या मागे लागू नका. कडा गोल आहेत ना, कुठे टवका किंवा चीर नाही ना, एवढे बोट फिरवून पाहा. स्टील फुटत नाही आणि साबणाने स्वच्छ होते. मला तेच सोयीचे वाटते. "नॅचरल" एवढेच लिहिले असेल तर दुकानदाराला विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर ठेवून द्या.

सोबत येणारे सीरम आणि क्रीमही वाचा. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते, कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून करतात, कोलॅजन बहुधा जनावरांच्या कातडी-हाडांचे किंवा माशांचे असते, आणि 'स्नेल म्युसिन' म्हणजे गोगलगायीचा स्राव. घरातले तिळाचे किंवा बदामाचे तेल चार थेंब पुरते.

वापरताना चेहऱ्यावर जोर द्यायचा नाही. वस्तू जवळजवळ आडवी धरायची आणि हलक्या हाताने मधून बाहेर न्यायची: हनुवटीपासून कानाकडे, नाकापासून कानशिलाकडे, कपाळावर भुवईपासून केसांकडे. गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबू नका. मुरूम, जखम, उन्हाने भाजलेली कातडी, फुगलेल्या शिरा असतील तिथे फिरवू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पाठ-खांद्यावर जोरात खरवडून लाल वळ उठवायचा प्रकार घरी करू नका. एकीची वस्तू दुसरीने वापरू नये आणि दर वेळी धुवावी. याने रक्ताभिसरण थोडा वेळ वाढते, सूज थोडी उतरते. सुरकुत्या जात नाहीत, हेही सांगून ठेवते.

माझे स्वतःचे म्हणाल तर मी स्टीलचेही घेतले नाही. सासूबाईंची काशाची वाटी फडताळात पडून होती, ती काढली. कासे म्हणजे तांबे आणि कथील. वैशाखात महासतीजींना विहारात पोहोचवून आम्ही अनवाणी परत यायचो, तेव्हा तळपायांची नुसती आग व्हायची. सासूबाई तळव्याला तूप लावून वाटीच्या बुडाने गोल गोल घासायच्या. बोलता बोलता डोळा लागायचा. तळवा काळा होतो तेव्हा "उष्णता निघाली" असे त्या म्हणत. तो काळेपणा उष्णतेचा नव्हे, तूप, घाम आणि घासणे यांनी सुटलेल्या धातूचा. पितळेची भांडी घासताना हात काळे होतात तसाच. पण गाढ झोप मात्र खरी होती. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आधी तळव्याला चीर नाही ना ते पाहावे, आणि घासून झाल्यावर पाय नीट पुसावेत, नाहीतर फरशीवर घसरायला होते.

आता माझा नियम असा: एक वाटी, एक तेल, एक तूप. चौथी वस्तू या कामासाठी घरात आणायची नाही. आनंद श्रावकाची मर्यादा मोठी होती, माझी ही छोटीशी.

भाचीला फोन करून सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मामी, माझ्याकडेही तेच आहे." मी तिला रागावले नाही. ती वस्तू दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, एवढेच सांगितले, आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझ्यासाठी काशाची वाटी काढून ठेवते म्हणाले.

त्या आठ दिवसांचे मिच्छामि दुक्कडम् मी पक्खी प्रतिक्रमणात केले. तुम्हीही आज आपल्या कपाटातली डबी उलटून वाचा.