भूत कुणाच्या अंगात?

भयपटाचे नाव काढले की आमची सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. ‘रक्तामांसाचा चिखल; त्यात कला कसली?’ हा त्यांचा ठरलेला सवाल. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत लागला, तेव्हा तिकडच्या बऱ्याच टीकाकारांनीही हाच सूर लावला. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ झळकला होता. परग्रहावरचा पाहुणा गोजिरवाणाच असायचा, असे प्रेक्षकांनी ठरवून टाकलेले; कार्पेंटरचा पाहुणा पडला किळसवाणा!

टीकाकारांचा एक आक्षेप मात्र मलाही पुष्कळ दिवस पटत होता. यातल्या माणसांना घरदार नाही, बायकामुले नाहीत, पूर्वायुष्य नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा दोष आधी बोचतो. आज मी म्हणतो, दोष कसला, चित्रपटाचे मर्मच ते!

अंटार्क्टिकावरील अमेरिकन तळावर १२ पुरुष. बर्फातून एक कुत्रा धावत येतो. त्याला गोळ्या घालीत पाठोपाठ नॉर्वेजियन हेलिकॉप्टर. आपण अर्थातच कुत्र्याच्या बाजूचे, आणि तिथेच फसतो. ते परग्रहावरचे जनावर असते. ज्याला गिळील त्याचे हुबेहूब सोंग घेणारे. हे जगात पसरू नये म्हणून ब्लेअर नावाचा शास्त्रज्ञ रेडिओ आणि हेलिकॉप्टर मोडून टाकतो. आता शेजारी बसलेला तोच कशावरून? एकाचीही ग्वाही आपल्याला देता येत नाही, कारण कुणाची पुरती ओळखच करून दिलेली नाही. ती दिली असती, तर आपण केव्हाच निवाडा करून मोकळे झालो असतो.

पुढे मॅक्रेडी सर्वांना बांधतो आणि एकेकाच्या रक्ताला तापलेली तार लावतो. जनावराचे रक्त असेल, तर ते जीव वाचवायला उसळेल. कुत्रे सांभाळणाऱ्या क्लार्कवर सर्वांचा दाट संशय. अंगावर धावून आला म्हणून मॅक्रेडीने त्याला नुकतीच गोळी घातलेली. त्याचे रक्त उसळत नाही. माणसाचेच निघते!

हे पाहताना मला माझा वर्ग आठवला. एका मुलाचे पैसे हरवले म्हणून मी सर्वांची दप्तरे झाडली होती. पैसे त्याच्याच खिशाच्या फाटक्या अस्तरात सापडले. पण ज्याचे दप्तर मी सर्वांत आधी मागितले, तो पोरगा वर्ष संपेपर्यंत माझ्याशी मान वर करून बोलला नाही. रॉब बॉटिनने घडवलेली ती सगळी अक्राळविक्राळ धुडे मी विसरेन. क्लार्कचे ते निमूट रक्त विसरणार नाही. आणि म्हणे, यात नुसता चिखल!

एनिओ मोरिकोनेच्या संगीताचे नाव तर त्या साली सर्वांत वाईट संगीताच्या थट्टेच्या पारितोषिकासाठी गेले होते. त्याच चित्रपटासाठी केलेले, पण न वापरलेले काही तुकडे पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आले, आणि त्या चित्रपटाच्या संगीताला २०१६ साली ऑस्कर मिळाले. टीकाकारांनी कान तेवढे झाडून घ्यावेत.

शेवटी तळ जळतो आहे. उरलेत मॅक्रेडी आणि चाइल्ड्स. दोघांनाही दुसऱ्याचा भरवसा नाही. मॅक्रेडी बाटली पुढे करतो. चाइल्ड्स ती घेतो आणि तोंडाला लावतो.