विटाळ घरी, मोळी डोक्यावर



कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते एवढेच: रोप मरते पाण्यावाचून किंवा मूळकुजीने, बाईच्या हाताने नव्हे. तरी कित्येक घरांत पाळीच्या दिवसांत ती चुलीला शिवत नाही. तोरणमाळच्या डोंगरातून गुजरातेत ऊसतोडीला गेली, की त्याच दिवसांत मोळी वाहते. खाडा झाला तर पैसे कापतात. विटाळ घरापुरता, मजुरीला नाही!

२०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपले अंगच अडचण आहे, हे बाईला आपणच पटवले.

तोरणमाळच्या बैठकीत ठराव मांडू: पाळीचा खाडा कापायचा नाही. पण आधी आपल्या घरातला विटाळ मोडू.