लेकरू सांभाळण्याचा हिशेब

लेकरू सहा महिन्यांचे झाले, आईची रजा संपली, आता कामावर जायचे कसे? हिंगोलीत दवाखान्यात, दुकानात, शाळेत काम करणाऱ्या आपल्या लेकीसुनांपुढे हा प्रश्न घरोघर उभा राहतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. पण शेतमजूर बाईला कसली रजा? वसमतकडे हळदीची काढणी लागली की लेकरू बांधावरच्या झाडाला झोळीत टाकून ती कामाला वाकते.

नोकरी करणारीच्या घरात मग एक वाक्य ऐकू येते, "बाई ठेवली तर तुझा सगळा पगार तिलाच जाईल. त्यापेक्षा घरी बस." भगिनींनो, हे वाक्य आम्हाला पटत नाही. का, ते वहीपेन घेऊन पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.

समजा, नवऱ्याचा पगार १६,००० आणि बायकोचा १४,००० रुपये. दिवसभराच्या बाईला महिना ७,०००, तिचे जेवण-चहा १,०००, दिवाळीला एक पगार द्यायचा म्हणून महिन्याला ६०० बाजूला. झाले ८,६००. बायकोचे जाण्यायेण्याचे भाडे १,२००. तिच्या पगारातून हे वजा केले तर ४,२०० उरतात, आणि सगळे म्हणतात, एवढ्यासाठी कशाला मरमर? पण हा खर्च एकट्या आईच्या नावावर का? लेकरू दोघांचे आहे. दोघांच्या ३०,००० मधून ९,८०० गेले तर घरात २०,२०० राहतात. तिने काम सोडले तर १६,०००. शिवाय सुटलेली जागा पुन्हा मिळत नाही. बाईचा खर्च मात्र लेकरू मोठे होईल तसा कमी होत जातो.

लेकराचा भार एकट्या आईवर नको, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार सरकारने आणि मालकाने उचलावा असे मांडले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. मग घरातल्या घरात तरी भार वाटून घ्यायला नको का?

आता दुसरे मार्ग पाहू. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण आणि गरम आहार मिळतो, पण तो काही तासांपुरता. त्याहून लहान लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ होत नाही. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय केली आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. ते आपल्या गावी हवे असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या. जिथे पन्नास किंवा अधिक कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय करणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. तेही विचारायला लाजू नका.

आजी सांभाळते ते फुकट, असे आपण समजतो. आजी खुरपणीला जात असेल तर तिची रोजी बुडते. गुडघे दुखत असतील तर औषधाचा खर्च वाढतो. तिच्या हातात दर महिन्याला काही रक्कम ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस तिला मोकळे सोडा.

सर्वांत महाग मार्ग म्हणजे थोरली मुलगी. "आज शाळा बुडव, बाळाला धर" असे महिन्यातून चारदा झाले की पोर मागे पडते, आणि एक दिवस शाळा सुटते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो हक्क पाळण्याच्या दोरीला बांधून ठेवू नका. या मार्गाचा खर्च वहीत दिसत नाही, तो त्या मुलीच्या आयुष्यात दिसतो.

आम्हाला सर्वांत परवडणारा वाटतो तो मार्ग मिळून करण्याचा. एकाच वस्तीतल्या तीन घरांनी प्रत्येकी ३,००० काढले तर सांभाळणाऱ्या बाईला ९,००० मिळतात. म्हणजे तिला एका घरापेक्षा जास्त आणि प्रत्येक घराला निम्म्याहून कमी. तान्ही लेकरे तिनाहून जास्त नकोत. जागा कुणाच्या घरची, किंवा दिवसभर कुलूप असलेल्या विहारातली खोली, समितीला विचारून. खाऊ, सतरंजी, औषधाची पेटी यांचा खर्च तिघांत.

आणि ही बाई कोण? बहुतेक वेळा आपल्यातलीच. तिचेही लेकरू असेल, त्याला सोबत आणू द्या. पगार ठरल्या तारखेला द्या, आठवड्याची सुट्टी द्या, आजारपणाचा खाडा कापू नका. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याखाली १८ ते ६० वर्षांच्या घरकामगाराची नोंदणी होते. तिची नोंदणी करून द्यायला तिच्यासोबत जा.

या रविवारी नवराबायकोने शेजारी बसून हा हिशेब मांडावा. वरच्या ओळीत दोघांचे पगार एकत्र लिहावेत. तिथूनच बेरीज बदलते.