नदीकाठाची गोष्ट बंडगार्डनलाच संपणार का?

खास प्रतिनिधी

हडपसर : पुणे महापालिकेचा मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प कागदावर ४४ किलोमीटरचा आहे. त्यात मुळेचे २२.२ किलोमीटर, मुठेचे १०.४ आणि संगमानंतर एकत्र वाहणाऱ्या मुळा-मुठेचे ११.८ किलोमीटर येतात. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा अंदाजित खर्च ४,७२७ कोटी रुपये सांगण्यात आला होता. साबरमतीचा काठ घडविणाऱ्या अहमदाबादच्या वास्तुरचनाकारांनीच येथील आराखडाही तयार केला आहे. कामाला आरंभ झाला तो बंडगार्डन परिसरात, आणि शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांना प्रकल्पाचे पहिले दर्शन घडले तेही तेथेच. गेल्या काही वर्षांत भिंती, भराव, झाडे आणि पूररेषा यांवर पुष्कळ वाद झाला; तो रास्तही होता. मात्र या काठावरून चालणाऱ्या माणसाला नदीविषयी काय सांगितले जाणार, या प्रश्नाकडे कोणी फारसे वळले नाही.

जगातील अनेक शहरांनी त्यासाठी श्राव्य सहलीचा मार्ग पत्करला आहे. मोबाइलमध्ये ध्वनिफिती उतरवून घ्यायच्या, कानाला इयरफोन लावायचा आणि आपल्या चालीने चालायचे. ठरलेल्या ठिकाणी पोहोचताच उपग्रहाच्या साह्याने मोबाइलला जागा कळते आणि त्या जागेची हकिकत आपोआप सुरू होते. सोबत वाटाड्या लागत नाही आणि वेळेचे बंधनही राहत नाही. कल्पना नवी नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ सालीच लघुलहरी रेडिओद्वारे प्रेक्षकांच्या कानात माहिती पोहोचविली होती. आपल्याकडे जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातील श्राव्य मार्गदर्शन पर्यटकांमध्ये चांगलेच परिचित आहे.

पुण्याला चालत शहर समजून घेण्याची सवय आहे. जुन्या पेठांमधून वारसा फेऱ्या निघतात, 'जीवितनदी' ही संस्था नागरिकांना मुठेच्या काठाने फिरवून आणते. पण वाटाड्यासह निघणाऱ्या फेरीत किती माणसे सामावणार? रविवारी सकाळी ज्यांना सवड आहे त्यांच्यापुरतीच ती राहते. श्राव्य सहलीला ही मर्यादा नाही. शिवाय हजारो कोटींच्या प्रकल्पात तिचा खर्च नगण्य ठरावा असाच आहे. संहिता, काही आवाज, ध्वनिमुद्रण आणि पुढची देखभाल एवढीच तिची गरज. म्हणूनच अशी सहल आज ना उद्या कोणी तरी, महापालिका नाही तर एखादी संस्था, करणार यात शंका नाही. खरा प्रश्न आहे तो तिचा मार्ग कोठे संपणार हा.

सोयीचा मार्ग

संगमापासून बंडगार्डनपर्यंत सामग्रीची मुळीच वाण नाही. संगमावर मुळा आणि मुठा एकमेकींना मिळतात. तेथून पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभा राहिलेला बंधारा, ज्याच्यावरून त्या बागेलाच बंडगार्डन हे नाव पडले. त्याच्याजवळ १८६७ सालचा फिट्झजेराल्ड पूल. नदी ओलांडून येरवड्याच्या बाजूला गेले की आगाखान पॅलेस, जेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी यांनी स्थानबद्धतेतच अखेरचा श्वास घेतला. थोडे पुढे डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा पक्ष्यांचा परिसर. संहितालेखकाला याहून अधिक काय हवे? दीड तासाची प्रसन्न सहल सहज तयार होते. ऐकणारा समाधानाने घरी जातो.

पण नदी तेथून घरी जात नाही. ती मुंढव्याकडे वळते, केशवनगरच्या बाजूने साडेसतरा नळी आणि मांजरीच्या शिवारांकडे सरकते. शहराने तिच्यात जे जे सोडले ते सारे या टप्प्यावर तिच्यासोबत असते. पुण्याच्या नदीचा निकाल लागतो तो हडपसरच्या या उत्तर सीमेवर, आणि तो भाग गाळून केलेली श्राव्य सहल म्हणजे पहिला अंक संपताच पडदा पाडण्यासारखे आहे.

मुंढव्याच्या खाली

हडपसरला नदी आहे, हे हडपसरच्या कित्येक रहिवाशांच्या ध्यानातही नसते. गाडीतळ, सोलापूर रस्ता, उड्डाणपूल आणि मगरपट्टा ही येथील ओळखीची ठिकाणे. नदी मात्र लोहमार्गापलीकडे, गावाच्या पाठीमागे. केशवनगर आणि साडेसतरा नळी हे भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आले, मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये. म्हणजे सांडपाणी या गावांकडे दशकानुदशके शहराचे आले, आणि त्याविषयी जाब विचारण्याचा मतदाराचा हक्क नंतर मिळाला. (साडेसतरा नळी हे नाव कसे पडले, असे बाहेरून आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर एखाद्या ग्रामस्थाच्याच तोंडून ऐकवावे. पुस्तकी निवेदकाचे ते काम नव्हे.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी परिसरात नदीवर डासांचे उंच लोळ उठले. त्यांची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि त्यावर विनोदही झाले. त्यामागचे कारण मात्र विनोदी नव्हते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य आहे. ती फोफावली की पाण्याचा पृष्ठभाग झाकला जातो, प्रकाश आत शिरत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, प्रवाह मंदावतो आणि डासांच्या अळ्यांना निवांत आसरा मिळतो. मग यंत्रे लावून जलपर्णी काढली जाते, आणि सांडपाणी तसेच येत राहिल्याने ती पुन्हा वाढते. केशवनगरच्या थांब्यावर हे चक्र साध्या भाषेत तीन मिनिटांत समजावून सांगता येईल. समोर नदी असेलच, त्यामुळे चित्रांची गरज पडणार नाही.

याच केशवनगरात कुंभारवाडा आहे. पुण्यात दिवाळीला लागणाऱ्या पणत्या, उन्हाळ्यातले माठ येथे घडतात. माठावर पडणारी थापी हा ध्वनिमुद्रणाला अत्यंत अनुकूल आवाज आहे, आणि मातीचा नदीशी असलेला संबंध सांगायला निराळे भाष्य लागू नये. आपल्याकडच्या वारशाच्या यादीत दगडी पूल चटकन येतो, कुंभाराचे चाक येत नाही. श्राव्य माध्यमात हा अन्याय दूर करण्याची सोय आहे, कारण तेथे वास्तूच्या देखणेपणाला फारसे मोल नसते.

हडपसरची दोन पाणी

हडपसरमधून खरे तर दोन प्रवाह जातात. एक उत्तरेकडची नदी. दुसरा खडकवासल्याहून शहर ओलांडून येणारा मुठा उजवा कालवा, ज्याचे पाणी पुढे दौंड आणि इंदापूरच्या शेतीला जाते. कालव्यातले पाणी धरणाचे, नदीतले वापरून टाकलेले. काही किलोमीटरच्या अंतरात एकाच शहराच्या पाण्याची सुरुवात आणि शेवट पाहता येईल अशी जागा पुण्यात दुसरी क्वचितच सापडेल.

या दोहोंना जोडणारा दुवा मुंढव्यात आहे. पुण्याने पिण्यासाठी धरणांतून जादा पाणी उचलायचे आणि त्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला परत द्यायचे, असा महापालिका आणि पाटबंधारे खात्यातील व्यवहार. त्यासाठी मुंढव्याजवळ जॅकवेल बांधून नदीतले पाणी जुन्या, 'बेबी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्यात चढविले जाते. तेथून ते हवेली आणि दौंड तालुक्यांतील शेतांवर पोहोचते. व्यवहार कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात जॅकवेल पाणी उचलते ते नदीतून, आणि नदीत प्रक्रिया झालेले व न झालेले असे दोन्ही पाणी मिसळलेले असते. ते पुढे ज्या शेतांत जाते तेथील शेतकरी त्याच्या दर्जाविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. जॅकवेलच्या पंपांची घरघर ही या सहलीतील सर्वांत महत्त्वाची ध्वनिफीत ठरावी, इतके शहराचे आणि खेड्याचे नाते तिच्यात आहे.

त्यातही घाई करण्यास कारण आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरले. त्या घटनेनंतर आणि गळती, बाष्पीभवन, पाणीचोरी यांचा विचार करून खडकवासला ते फुरसुंगी असा भूमिगत बोगदा काढण्याची योजना पुढे आली आहे. बोगदा झाला की हडपसरमधून उघडा वाहणारा कालवा कोरडा पडेल आणि त्याच्या जागेवर रस्त्याची मागणी होईल. कालव्याच्या कडेने सकाळी फिरणाऱ्या येथील नागरिकांना ही गोष्ट आजच ठाऊक असायला हवी. कालव्याचा आवाज मुद्रित करायचा तर तो वाहता आहे तोवरच करावा लागेल.

संहिता कोणाची?

कोणताही मार्गदर्शक बोलू लागला की काही सांगतो आणि काही वगळतो. महापालिकेने संहिता लिहून घेतली तर तीत नदी 'पुनरुज्जीवित' होत असेल. २९ एप्रिल २०२३ रोजी झाडे वाचविण्यासाठी पुण्यात चिपको आंदोलन करणाऱ्या नागरिकांनी लिहिली तर तीत नदी आकसत असेल. प्रकल्पामुळे पात्र अरुंद होऊन पुराचा धोका वाढेल, या आक्षेपावरून पर्यावरण कार्यकर्त्यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पुराची पातळी वाढणार नाही, असे महापालिका सांगत आली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली, तेव्हा हा वाद पुन्हा तापला. ऐकणाऱ्याला हे दोन्ही पक्ष कळले पाहिजेत, आणि तेही त्या त्या बाजूच्या माणसांच्या आवाजात. निवेदकाने दोघांचे म्हणणे एकत्र घोटून गुळगुळीत करू नये.

साबरमतीची तुलनाही येथे टाळता येणार नाही. अहमदाबादेत नदीकाठ चकचकीत झाला तो नर्मदेच्या कालव्याचे पाणी पात्रात आणून, आणि काठावरची हजारो कुटुंबे हलवून. पुण्याच्या नदीला दुसऱ्या नदीचे पाणी मिळणार नाही. तिला पावसाळ्यात चार धरणांचा विसर्ग आणि उन्हाळ्यात शहराचे सांडपाणी मिळते. म्हणून पुण्यात काठापेक्षा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे महत्त्वाची. जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रे उभारण्याच्या योजनेचा कर्जकरार २०१६ साली झाला, प्रत्यक्ष कामाला मात्र त्यानंतर अनेक वर्षे गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील सर्वाधिक, म्हणजे ५३ प्रदूषित नदीपट्टे महाराष्ट्रात होते, आणि त्यांत मुळा व मुठा दोघीही होत्या.

हडपसरच्या इतिहासाचा मोह मात्र आवरावा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला ती लढाई हडपसरची म्हणून ओळखली जाते. दरवर्षी आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते ती हडपसरहूनच वेगळी होऊन. दोन्ही विषय मोठे आहेत, त्यांना स्वतंत्र सहली हव्यात. नदीच्या गोष्टीत ते कोंबले तर नदी पुन्हा बाजूला पडेल, जशी ती आजवर पडत आली.

वाट आहे का?

सर्वांत व्यावहारिक अडचण चालण्याचीच आहे. बंडगार्डनखाली काठाने सलग जाता येत नाही. कोठे गृहसंकुलाची भिंत, कोठे राडारोड्याचे ढीग, कोठे काठ सोडून थेट वाहत्या रस्त्यावर यावे लागते. मुंढव्याच्या रस्त्यावर कानात इयरफोन घालून चालणे हे धाडसच. तेथे ध्वनिफितीने स्वतःच थांबून 'आता इयरफोन काढा' असे सांगितले पाहिजे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जमिनीवर दिसत नाहीत. त्या कोठून जातात हे ऐकताना कळले, तर कोणते बांधकाम कोठे उभे आहे हेही चालणाऱ्याला आपोआप उमगेल. कदाचित म्हणूनच अशी माहिती देण्यास कोणी उत्सुक नसावे.

दृष्टिहीनांसाठी हे माध्यम मोठी सोय ठरेल, पण त्यांना आधी सपाट पदपथ हवा. भाषेचाही विचार करावा लागेल. मगरपट्ट्यातील संगणक अभियंता, केशवनगरचा परप्रांतीय कामगार आणि मांजरीचा भाजीपाला पिकविणारा शेतकरी या तिघांसाठी किमान मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन संहिता लागतील. मूळ संहिता मराठीत लिहावी. इंग्रजीवरून केलेल्या मराठीतले निवेदन येथे कोणी पाच मिनिटेही ऐकणार नाही.

देखभालीचा खर्च मुद्रणापेक्षा अधिक होईल, हेही आधीच मान्य केलेले बरे. ही नदी एका जागी थांबलेली नाही. एखादे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले, जॅकवेल बंद पडले, बोगदा पूर्ण झाला की जुनी ध्वनिफीत खोटी ठरेल. प्रत्येक थांब्याच्या आरंभी मुद्रणाचा महिना आणि वर्ष सांगावे. दोन वर्षांनी त्याच थांब्यावरचे नवे मुद्रण जुन्याशेजारी ठेवले, तर प्रकल्पाच्या यशापयशाचा हिशेब कोणत्याही अहवालाविना लागेल.

मार्गाचा शेवट मांजरीच्या पुलाशी करता येईल. बुद्रुक आणि खुर्द या दोन गावांना जोडणारा तेथील सखल पूल धरणांचा विसर्ग वाढला की पाण्याखाली जातो. पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. मांजरीच्या थांब्यावर शेवटचा आवाज एखाद्या पुणेकराचा ठेवायचा की उजनीकाठच्या माणसाचा, हे संहिता लिहिणाऱ्यांना ठरवावे लागेल.